मेणाचं डोकं

माझे म्हापशातले घरमालक पंढरीचे वारकरी. जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला चालत जाणार म्हटल्यावर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. नवी चप्पल घालू नका, आणि किती उरलं हे कुणाला विचारू नका. शिवाय बोटांच्या बेचक्यात लावायला खोबरेलाची बाटली हातात दिली. "सायबाची वारी ती वारीच की हो," म्हणाले.

त्यांना न सांगितलेली एक गोष्ट होती. दोन आठवड्यांपूर्वी मी गोळ्या बंद केल्या होत्या.

बाबा गेल्यापासून रात्री तीनला जाग यायची. छाती दडपायची, हाताला मुंग्या, आता आपण जाणार असं वाटायचं. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा स्वच्छ. शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेही आठवडाभर टाळून. आमच्याकडे बांबोळीचं, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयाचं, नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. गोळ्यांनी फरक पडला होता, खोटं कशाला बोलू. पण मनात एक हिशोब शिरला: सायबाकडे पायी जायचं आणि खिशात गोळ्या ठेवायच्या, म्हणजे विश्वास कमीच की!

2 डिसेंबरला रात्री दहाला मिलाग्रीसच्या चर्चपासून निघालो. चर्च संत जेरोमचं, पण ओळखतात मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, नावाने. शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून हिंदू माणसंही तिला तेल वाहतात. आम्ही बाराजण होतो, निम्मे सावंतवाडी-बांद्याकडचे. त्यांतल्या एक मावशी सत्तरीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी स्लीपर. तेर्साची, म्हणजे मणी मोजत म्हणायच्या प्रार्थनेची, माळ त्यांच्याच हातात. प्रार्थना अर्धी कोकणीत, अर्धी मराठीत. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सनी 1616 साली इथे गोव्यातल्या साष्टीत ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. त्यामुळे मला ही सरमिसळ कधी परकी वाटली नाही.

गिरीच्या शेतांवर दव पडलं होतं. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ, तिथे सगळे तोंडावर रुमाल धरून गप्प चाललो.

मांडवीच्या पुलावर ते आलं.

खाली कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात हलत होते. बाजूने ट्रक गेला, पूल थरथरला. 1986 साली मांडवीवरचा पूल कोसळला होता, हे डोक्याने नेमकं तेव्हाच पुढे केलं. मग छाती, मग मुंग्या. मी कठड्याला धरून उभा राहिलो. पुढचे पुढे गेले. मावशी तेवढ्या मागे आल्या.

"भिव नको, झिला. माझो हात धर."

काय होतंय, कधीपासून, काही विचारलं नाही. माळेचा एक मणी माझ्या चिमटीत दिला आणि तेर्स जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. मंगळवारचा तेर्स, म्हणून दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग. पहिलंच गेथशेमनी बागेतलं: येशूला मरणाचं भय दाटून येतं, घाम रक्तासारखा गळतो, आणि सोबत जागायला सांगितलेले मित्र झोपी जातात. लहानपणापासून हे मी शेकडो वेळा म्हटलं असेन. म्हणताना पुढच्या रहस्यात कधी जातो असं व्हायचं. त्या पुलावर मात्र मी तिथेच थांबलो. हा देव रात्री घाबरलेला आहे. घाबरलेला असताना त्याने माणसं जवळ मागितली आहेत. त्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

एक मणी, चार पावलं. पूल कधी संपला कळलं नाही. भीती गेली नव्हती, पण ती माझ्या चालीने चालत होती.

पाट्टोपासून रायबंदरची वाट पोर्तुगीजांच्या 1630च्या दशकातल्या बांधावरून जाते. तीनेक किलोमीटर, बाजूला मिठागरं आणि खारफुटी. डाव्या टाचेला फोड आला. खोबरेलाचा काही उपयोग झाला नाही, हे घरमालकांना सांगणार नाही.

जुन्या गोव्यात पहाटेच इतकी गर्दी की बासिलिकेचा, म्हणजे सायबाच्या चर्चचा, जांभा दगड दिव्यांच्या उजेडात लांबूनच पाहिला. आधी कुमसाराच्या, म्हणजे फादरकडे पापांची कबुली देण्याच्या, रांगेत उभा राहिलो. गोळ्यांचं सांगितलं. वाटलं, फादर खूश होतील.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या?"

"नाही, फादर."

"चष्मा घालून प्रार्थना करता ना? की तोही काढून ठेवता?"

मी नाकावरचा चष्मा उगाच सारखा केला. प्रायश्चित्त म्हणून एक प्रार्थना आणि डॉक्टरांना एक फोन. दुसरं माझ्यासाठी जास्त अवघड होतं.

मिस्सा, म्हणजे फेस्ताची मुख्य प्रार्थना, बाहेरच्या मंडपात ऐकली. मग फेस्ताच्या बाजारात मेणाच्या वस्तूंचं दुकान लागलं: हात, पाय, बाहुली, घर. जे दुखतं त्याचं मेण सायबाला वाहायचं. मी नुसताच बघत राहिलो, तशी दुकानदारीण म्हणाली, "काय दुखता? पाय?" मी डोक्याकडे बोट केलं. तिने पटकन एक डोकं काढलं. गुळगुळीत, डोळे मिटलेलं, अगदी शांत.

"अर्धशिशी?" तिने विचारलं.

"तसंच काहीतरी," म्हटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून, "नाही. मन. झोप येत नाही."

"मग हेंच." तिने कागदात गुंडाळून दिलं.

ते वाहून येऊन मैदानातल्या गवतावर मावशींजवळ बसलो. त्या पिशवी उशाला घेऊन आडव्या होणार होत्या. म्हटलं, झोपा तुम्ही, मी सामान बघतो. जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं, साडेनऊ वाजून गेले होते, आणि माझ्या उशाला त्यांची पिशवी होती. त्या शेजारी बसून खाजं चघळत होत्या.

"मोठ्यान घोरतस रे," म्हणाल्या, आणि खाज्याचा पुडा माझ्यापुढे केला.