आउटपुट ट्रान्झिस्टर परत परत का उडतो? जुन्या सीआरटी मॉनिटरच्या चासीबद्दल

संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या काही वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर ९ इंची एकरंगी किंवा १४ इंची रंगीत सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचे) मॉनिटर अजून चालू आहेत. मशीन ठणठणीत असतं आणि पडदा तेवढा काळा पडतो. बहुतेक वेळा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (पडद्यावर आडव्या रेघा काढणारा आणि ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला चालवणारा) शॉर्ट सापडतो. नवा टाकला की तोही उडतो, मग ‘चासी (आतला मुख्य बोर्ड) गेली’ म्हणून मॉनिटर भंगारात. ट्रान्झिस्टर कशाने मेला हे शोधल्याशिवाय दुसरा टाकू नका, एवढंच या पोस्टचं म्हणणं आहे.

आधी जिवाचं. १४-१५ इंची रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २०-२५ हजार व्होल्ट असतात; हे टोक ट्यूबच्या काचेवरच्या रबरी टोपीखाली असतं. प्लग काढा. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या विणलेल्या अर्थ पट्टीला जोडा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवा. दुसरा हात खिशात. काचेत चार्ज परत साठतो, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर (बहुधा २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, २.२ किलोओहम १० वॉटच्या रेझिस्टरने उतरवा.

चालू करताना सिरीज बोर्ड (मेन्स आणि मॉनिटरच्या मध्ये बल्ब जोडलेला बोर्ड) हवाच, आणि त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. डीगॉसिंग कॉइलचा (ट्यूबभोवतीच्या, तिचं चुंबकत्व काढणाऱ्या वेढ्याचा) प्लग काढून ठेवा, नाहीतर तिच्या करंटने बल्ब पेटतो आणि सगळं बरं असूनही शॉर्ट आहे असं वाटतं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर प्रायमरी (पॉवर सप्लायची मेन्सकडची बाजू) ठीक. भगभगत राहिला तर ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा मॉसफेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) बघा. आणि हो, पाल बघा. एसएमपीएसच्या उबेला येऊन चिकटलेली पाल हा आपल्याकडचा कुठल्याही सर्किट डायग्राममध्ये न सापडणारा फॉल्ट आहे.

आता आउटपुट ट्रान्झिस्टर. मीटरवर बेस-एमिटरमध्ये ४०-५० ओहम दिसले की अनेकजण शॉर्ट समजून काढून टाकतात. बीयू२५०८डीएफसारख्या ‘डी’वाल्या नंबरात आतच डॅम्पर डायोड (उलटा करंट वाहू देणारा) आणि बेस-एमिटर रेझिस्टर असतो, ते रीडिंग त्याचं. ‘ए’वाल्यात, म्हणजे बीयू२५०८एएफमध्ये, हे दोन्ही नसतात. म्हणून ‘डी’च्या जागी ‘ए’ टाकला आणि बोर्डावर वेगळा डॅम्पर नसला तर तो टिकणार नाही. टीव्हीतला काढून मॉनिटरमध्ये टाकणं ही दुसरी चूक. टीव्हीचं हॉरिझॉन्टल १५,६२५ हर्ट्झवर चालतं, साध्या व्हीजीएचं ३१.५ किलोहर्ट्झवर, तर १०२४ बाय ७६८ ला ७५ हर्ट्झवर ६० किलोहर्ट्झ लागतात. हळू स्विच होणारा ट्रान्झिस्टर तिथे तापूनच मरतो. मॉनिटरसाठीचा जलद, १५०० व्होल्टचा नंबरच घ्या.

किती वेळात उडाला, यावरून निम्मं निदान होतं. स्विच दाबताक्षणी उडाला तर पहिला संशय रिट्रेस कपॅसिटरवर. कलेक्टरजवळचा १६०० ते २००० व्होल्टचा हा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर ओपन झाला किंवा त्याचं सोल्डर ड्राय झालं की रिट्रेसचा, म्हणजे बीम परत फिरतानाचा, पल्स १५०० व्होल्टच्या वर जातो. व्हॅल्यू तंतोतंत तीच ठेवा. ५६२जे म्हणजे ५६०० पिकोफॅरड, ५ टक्के टॉलरन्स. कमी व्हॅल्यू टाकली तर ईएचटी (अ‍ॅनोडचं हाय व्होल्टेज) वाढतो, ट्यूबवर ताण येतो आणि क्ष-किरणांचा धोका वाढतो. सिरॅमिक डिस्क तिथे नको.

काही मिनिटं चालून, हीटसिंक भाजण्याइतका तापून गेला, तर ड्राइव्ह (ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळणारा सिग्नल) कमकुवत आहे किंवा एफबीटीचे (ईएचटी बनवणाऱ्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरचे) वेढे आतून शॉर्ट आहेत. ड्राइव्हसाठी ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पायांना सोल्डर पुन्हा मारा आणि त्याच्या सप्लायचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. एफबीटीचे दोन-चार वेढे शॉर्ट असतील तर ओहमवर काहीच कळत नाही. रिंग टेस्टर (कॉइलमधला शॉर्ट वेढा ओळखणारं उपकरण) लागतो. योक (ट्यूबच्या नेकवरची, म्हणजे मानेवरची, बीम वळवणारी कॉइल) काढून एकदा आणि लावून एकदा तपासा, म्हणजे योकचाही निकाल लागतो. योक काढणं म्हणजे फक्त त्याचा प्लग काढणं. नेकवरच्या रिंगा हलवल्या तर रंग परत जुळवताना नाकी नऊ येतील.

बी प्लस (आउटपुट स्टेजचा मुख्य डीसी सप्लाय) मोजायचा तो आउटपुट ट्रान्झिस्टर काढूनच मोजा, ६० वॉटचा बल्ब लोड म्हणून लावून. मल्टिसिंक (अनेक रेझोल्यूशनवर चालणाऱ्या) मॉनिटरमध्ये तो मोडप्रमाणे बदलतो, तेव्हा एकच ठरावीक आकडा शोधत बसू नका. मीटरची काळी वायर मात्र सेकंडरीच्या ग्राउंडला, प्रायमरीच्या नव्हे.

इलेक्ट्रोलिटिक सगळेच्या सगळे बदलायची फॅशन मला पटत नाही. हीटसिंकशेजारचे आणि ८५ अंश लिहिलेले आधी काढा. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात खोलीच ४२-४३ अंशांवर जाते, कॅबिनेटच्या आतलं विचारूच नका. १०५ अंशांचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं. सेट टिक-टिक करत असेल आणि पॉवर आयसी ३८४२ असेल तर त्याच्या सप्लायचा कपॅसिटर बघा. तो सुकला की आयसी १६ व्होल्टला उठतो आणि १० च्या खाली आला की झोपतो. पूर्ण मृत असेल तर स्टार्ट-अप रेझिस्टर ओपन आहे का बघा. मोठ्या कपॅसिटरभोवतीचा तपकिरी झालेला गोंद खरवडून काढा, जुना झाला की तो करंट वाहू देतो.

पडद्यावर एकच आडवी रेघ असेल तर ब्राइटनेस लगेच उतरवा, नाहीतर फॉस्फर (पडद्याचा चमकणारा थर) जळतो. वरचा भाग दुमडून पांढऱ्या रेघा दिसत असतील तर व्हर्टिकल आयसीचा (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या आयसीचा) पंप-अप कपॅसिटर गेला समजा. टीडीए८१७२ वर तो ३ आणि ६ नंबरच्या पायांमध्ये असतो.

मृगाचा पाऊस पडला की चटचट आवाजाच्या तक्रारी येतात. अ‍ॅनोड टोपीखालची धूळ, जिनिंगच्या ऑफिसात तर रुईची लव, ओल धरते. ट्यूब डिस्चार्ज करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकवा, टोपीला सिलिकॉन ग्रीस लावा. आवाज एफबीटीच्या अंगातून येत असेल तर वरून एपॉक्सी लावून फार दिवस भागत नाही.

पार्टसाठी नांदेड-लातूरकरांना हैदराबादचं कोठी जवळ, संभाजीनगरकरांना मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नकली ट्रान्झिस्टर बरेचदा हाताला हलका लागतो आणि घासला की छापील नंबर निघून येतो. बसवल्यावर मागचं झाकण लावून दोन तास चालवा, बंद करून डिस्चार्ज करा आणि मगच हीटसिंकला हात लावून बघा.