सिंहासनाची वारस नोंद

मेची दुपार होती, लाईट गेलेली होती आणि भाचा जीवशास्त्राच्या गाइडखाली दुसरंच एक जाडजूड पुस्तक लपवून वाचत होता. तो 'नीट'च्या तयारीसाठी आमच्याकडं राहतो. लातुरात ज्या घरी नातेवाइकाचं एखादं पोर 'नीट'साठी राहत नाही, असं घर शोधावं लागेल. मी त्याला काही बोलले नाही, कारण ते पुस्तक माझंच होतं.

"आत्या, तो एगॉन खोटाय," तो एकदम म्हणाला.

माय कॉटवर पदरानं वारा घेत पडली होती. मला वाटलं, झोपलीय.

"कोण खोटाय म्हनलालास?"

"अगं आजी, एक राजपुत्र आहे. म्हणजे, तो म्हणतोय मी राजपुत्र आहे."

"बाप कोन?"

"मेला लढाईत."

"आन माय?"

"तिला पण मारलं."

"मग सहा-कला नोंद कुनाच्या नावानं लागली?"

भाच्याला हे काही कळलं नाही. मला कळलं. गाव नमुना सहा-क म्हणजे तलाठ्याकडची वारसांची नोंदवही. वडील गेल्यावर मायनं त्या नोंदीसाठी इतके खेटे घातले, की तिच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस एकतर नोंद लागलेला असतो, नाहीतर नोंद न लागलेला. त्या पुस्तकातल्या लोखंडी सिंहासनासाठी सात राज्यांत जी काही कापाकापी झाली ती ऐकून तिनं एवढंच विचारलं, की मोजणी कामून आणली न्हाई.

'गेम ऑफ थ्रोन्स' ज्यांनी नुसतं बघितलंय त्यांना हा एगॉन आठवायचा नाही. मालिकेनं त्याला घेतलंच नाही. मालिका ज्या कादंबऱ्यांवरून केली, त्यांतल्या २०११ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात तो उगवतो. नदीत बोटीवर राहतो, केस निळे रंगवलेले. म्हणणं असं, की राजवाडा पडला तेव्हा ज्या तान्ह्या राजपुत्राला मारलं तो मी नव्हेच. माझ्या जागी कुणा गरिबाचं बाळ ठेवून मला गुपचूप बाहेर काढलं होतं. आणि वाचकांतल्या निम्म्या लोकांची थिअरी अशी, की हा टार्गेरियन राजघराण्यातला नाहीच, हा ब्लॅकफायर आहे.

ब्लॅकफायर म्हणजे त्याच घराण्याची अनौरस शाखा. चौथ्या एगॉन राजानं मरता मरता आपली सगळी अनौरस पोरं औरस करून टाकली, आणि त्यातल्या एकाला घराण्याची तलवार तर आधीच देऊन बसला होता. पुढच्या पाच पिढ्या त्यापायी मेल्या. धन्याचा ड्रॅगन काळ्या निशाणावर लाल, तर यांनी लालवर काळा काढला. देशोधडीला लागलेल्या याच लोकांनी 'गोल्डन कंपनी' नावाची भाडोत्री फौज उभारली. जन्मभर लाल ड्रॅगनच्या विरोधात लढलेली ही फौज आता, चालू करार मोडून, लाल ड्रॅगनचा म्हणवणाऱ्या पोराच्या मागं उभी राहते. पिढीजात भाऊबंदकीतला माणूस अचानक आपल्या पंगतीत वाढायला आला, तर आपण आमटी हुंगून बघूच की नाही?

पाचवा भाग आला तेव्हा भाचा अंगणवाडीत होता. आता त्याला मिसरूड फुटलंय आणि सहावा अजून यायचाय. एवढा मोकळा वेळ मिळाल्यावर लोकांनी थिअऱ्या मांडू नयेत तर काय करावं!

आणि आपल्याकडं तर या गोष्टीची सवय जुनी. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पडले की नाही हेच कुणी छातीठोक सांगेना. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही म्हणतात. मग 'मी भाऊ' म्हणत एकजण उगवला, त्याच्यामागं माणसं गेली, कोकणातले किल्ले गेले, आणि १७७६ साली त्याला मारलं तेव्हा कुठं ते मिटलं. मिटलं तरी कुठं? आमच्या उदगीरकडं आजही पारावर कुणीतरी भेटतं, जो सांगतो की तो खराच भाऊ होता, नाना फडणवीसाला नको होता म्हणून तोतया ठरवला. उदगीरकरांना भाऊंबद्दल जरा जास्तच माया. निजामाला हरवलं ते १७६० मध्ये, आमच्याच किल्ल्याजवळ. आपल्या गावाहून जिंकून गेलेला माणूस पुढं वर्षभरात हरून मरतो, हे माणसाला पटत नाही.

ताराबाईंची तर कमाल आहे. १७०७ मध्ये शाहू मोगलांकडून सुटून आला तेव्हा हा खरा शाहू नव्हेच, असं त्यांनी लावून धरलं. त्याच ताराबाई १७४९ मध्ये म्हणाल्या, माझा एक नातू आहे, लहानपणापासून लपवून वाढवलाय, त्याला गादीवर बसवा. बसवला. आणि वर्ष व्हायच्या आत त्याच रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडून त्या सांगायला लागल्या, की हा माझा नातू नव्हेच. खऱ्याला खोटा, मग खोट्याला खरा, मग त्या खऱ्याला परत खोटा. इतक्या थिअऱ्या एका माणसानं मांडल्या, आणि प्रत्येकीवर फौज हलली! शाहूला वाटेत औरंगाबादजवळच्या पारद गावी पाटील आडवा आला, चकमकीत मेला, तेव्हा त्याच्या बायकोनं लेकरू शाहूच्या पायावर घातलं. शाहूनं त्याला फत्तेसिंह नाव देऊन जवळ केलं. पुढं तो अक्कलकोटचा राजा झाला. त्याच्या बाबतीत रक्ताचा प्रश्नच कुणी काढला नाही. राजानं पोराला उचलून घेतलं, विषय संपला.

भाच्याला मी यादवांचं सांगितलं. दुसऱ्या पुस्तकात, १९९८ सालच्या, परागंदा टार्गेरियन राजकन्या डॅनेरिसला एक दृश्य दिसतं: लोक जयघोष करताहेत आणि काठ्यांवर कापडाचा ड्रॅगन डुलतोय. पाचव्यात तिला बजावलं जातं, की नाटक्याच्या ड्रॅगनपासून सांभाळ. या एगॉनवर शंका घेणाऱ्यांची सगळी इमारत या कापडावर उभी आहे. आता देवगिरीचं ऐका. कृष्ण यादवानंतर त्याचा मुलगा रामचंद्र लहान, म्हणून भाऊ महादेव गादीवर बसला. महादेवानंतर गादी पुतण्याकडं परत यायला हवी होती, तर त्याचा स्वतःचा मुलगा अम्मण बसला. मग १२७१ च्या सुमारास रामचंद्र आपली माणसं घेऊन नटांच्या मेळ्याच्या वेशात किल्ल्यात शिरला, आणि खेळ चालू असताना अम्मणाला धरलं. डोळे काढले म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सापडलेल्या ताम्रपटामुळं हे आज आपल्याला ठाऊक आहे.

"म्हणजे इथं नाटक्याच खरा वारस निघाला?" भाचा म्हणाला.

"ताम्रपट त्याचाच होता बाबा."

तो जरा गप्प बसला. काका-पुतण्या हा विषय महाराष्ट्रात कुणाला फोड करून सांगावा लागत नाही, एवढं बरं.

वंशावळीचं नाव निघालं की मला हेळवी दिसतो, गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारा. ज्वारीची खळी झाली की तो यायचा, बैलावर बसून. बैलाच्या गळ्यात मोठी घंटा, ती वेशीतच ऐकू यायची. आमच्या ढाळजेत घोंगडी टाकली जायची. मग तो लाल फडक्याची गाठ सोडायचा, आतून कोपरे झिजलेली चोपडी निघायची, बोट जिभेला लावून तो पानं उलटायचा, आणि अर्ध्या कानडी हेलात सुरू व्हायचा. अमक्याचे तीन, थोरला निपुत्रिक, मधला पटकीत गेला, धाकट्याचे दोन, ते सीमेपलीकडून इकडं आले. आजोबा मान हलवत ऐकायचे. आम्ही पोरं बैलाला हात लावायला टपलेली.

आमच्या भावकीत दोन पात्या. थोरली कुठली आणि धाकटी कुठली यावर पोळ्याला दरवर्षी डोकी तापायची, कारण तोरणाखालून पहिला बैल थोरल्या पातीचा जायचा. हेळव्याला विचारून मिटवावं, असं एकदा ठरलं. त्यानं सकाळी आमच्याकडं जेवून आमची पाती थोरली सांगितली आणि दुपारी चुलत्याच्या ढाळजेत पायलीभर जास्तीची ज्वारी पदरात पडल्यावर तिकडची. सत्ता कुठं असते याबद्दल त्या मालिकेत तो हेरांचा प्रमुख व्हॅरिस एक कोडं घालतो, राजा, पुजारी आणि सावकार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तलवारवाल्याचं: तिघंही म्हणतात उरलेल्या दोघांना मार, तर तो कुणाचं ऐकणार? हेळव्याला ते चुटकीसरशी सुटलं असतं.

तर त्या ढाळजेत, मी सात-आठ वर्षांची असेन, भावाचं नाव चोपडीत लिहिलेलं ऐकल्यावर म्हणाले, "माझं पण नाव लिवा की." सगळे हसले. हेळवी सुद्धा हसला, पण चिडवत नव्हता तो. म्हणाला, "तुजं नाव तुज्या सासरच्या चोपडीत, बाळ." माझ्या सासरी हेळवी येतच नाही, हे त्याला तरी काय माहीत.

त्या पुस्तकात रॉबर्ट राजाचा मित्र नेड स्टार्कसुद्धा अशीच एक चोपडी वाचतो. राजाच्या बराथियन घरात कुठलीही सून येवो, पोरं काळ्याच केसांची झालेली. आणि रॉबर्ट राजाची तिन्ही मुलं मात्र सोनेरी. तेवढ्यावरून राजाचा भाऊ स्टॅनिस याचा दावा उभा राहतो, पाच राजे एकमेकांच्या उरावर बसतात. बाप कोण, हा प्रश्न. नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेल्या जॉन स्नोच्या बाबतीतही तेच. डॅनेरिसचा भाऊ ऱ्हेगार आणि नेडची बहीण लियाना त्याचे आईबाप, ही थिअरी पहिल्या पुस्तकानंतर लगेच निघाली, आणि मालिकेनं २०१६ मध्ये ती खरी ठरवली. आम्ही सगळे तेव्हा काय खूश झालो होतो. त्या आनंदात माझ्या हे ध्यानातच आलं नाही, की त्या एका क्षणात डॅनेरिस मागं ढकलली गेली. इतकी वर्षं तीच वारस होती, तिच्या रक्ताबद्दल शत्रूलाही शंका नव्हती. भावाचा मुलगा निघाला आणि आत्या दुसऱ्या नंबरवर गेली.

हे मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, "हो, पण कायद्यानं बरोबर आहे ना ते."

मग मी जरा लावूनच धरलं. म्हटलं, याच टार्गेरियन घराण्यातली जुनी ऱ्हेनिस बघ. जेहेरिस राजाच्या थोरल्या मुलाची एकुलती एक मुलगी. थोरला मेला, तर आजोबांनी नातीला डावलून धाकट्या मुलाला वारस केलं. तोही मेला, तर त्यांच्या १०१ साली हॅरेनहालला सगळे सरदार जमवून धाकट्याच्या मुलाला, व्हिसेरिसला निवडलं. तिला लोक 'कधीच न झालेली राणी' म्हणत राहिले. तिच्यावर सांग एखादी थिअरी.

"तिच्यावर काय थिअरी असणार? ती खरीच होती."

तेच तर. कुणाच्या जन्माबद्दल शंका असली, की लोक पानं उलटून उलटून पुरावे काढतात. जिच्याबद्दल कसलीच शंका नाही आणि तरी गादी नाही, तिच्या बाबतीत शोधायला काही उरतच नाही. आणि गंमत बघा, या निळ्या केसांच्या एगॉनला ब्लॅकफायर ठरवणारे सगळे लोक एका वाक्यावर उभे आहेत: ब्लॅकफायर घराणं 'पुरुषाच्या बाजूनं' संपलं. म्हणजे बाईच्या बाजूनं चालू असणार! तोतया उभा करायचा असेल, तर आईचं रक्त चालतं.

आईबद्दल एवढं बोलून झाल्यावर भाच्यानं विचारलं, "आपल्या शेतात तुझं नाव आहे का गं?"

महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून लेकींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क आहे. सहा-कला माझं नाव लागलंच होतं, मायनंच लावून घेतलं होतं. त्यानंतरच्या संक्रांतीला मी माहेरी गेले, तेव्हा हक्कसोडपत्राचे कागद टाइप होऊन तयार होते. भावानं काही जबरदस्ती केली नाही. कुणीच करत नाही. बहिणीनं सही केली नाही, तर माहेर तुटतं, हे कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसवलं. समोरचा पोरगा म्हणाला, "ताई, पदर जरा मागं घ्या, कपाळ दिसत नाही." अंगठा यंत्रावर उमटेना, दोनदा पुसून ठेवायला लावला. मग स्वखुशीनं सोडताय का, असं विचारलं. मी हो म्हटलं. वहिनीनं घेतलेली साडी छान होती, पैठणी नव्हे, पण छान. महिन्याभरात फेरफार मंजूर होऊन सात-बारावरून नाव कमी झालं. कुठलीही हरकत आली नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं.

भाच्याला म्हटलं, नाही. पुढं काही म्हटलं नाही. त्याच्या बापाची तक्रार त्याच्याकडं कशाला करायची. तो परत गोल्डन कंपनीत शिरला.

भाऊ दरवर्षी तूर झाली की डाळीचं पोतं पाठवतो, न चुकता, भाडं भरून. डाळ गावरान असते, शिजते चांगली. यंदाची मात्र जरा किडकी निघाली.