हँडल वर घ्यायचंय? आधी केबल बघा

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर "बाइकवर एवढं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते, पुढे वाकून सगळा भार हातावर टाकला की ती दाबली जाते, वर इंजिनचं व्हायब्रेशन आहेच. मी पुणे-सातारा नेहमी बाइकने करतो, खंबाटकी उतरताना अंग आपोआप पुढे येतं आणि हँडल खाली असेल तर तो सगळा भार मनगटांवर. हँडल जरा वर घेतल्यावर माझा त्रास खूपच कमी झाला, म्हणून हे लिहितोय.

हँडलने काय फरक पडतो हे बघायचं असेल तर रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 आणि कॉन्टिनेंटल जीटी 650 वर एकापाठोपाठ एक बसून बघा. इंजिन तेच 648 सीसी, पण एकीला उंच रुंद पाइप हँडल, दुसरीला खाली क्लिप-ऑन (म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्यांना वेगवेगळे अडकवलेले आखूड हँडल) आणि फुटरेस्ट मागे. बसल्या बसल्या पाठीलाच कळतं.

पण लगेच राइझर, म्हणजे हँडल उंच करणारा जोडतुकडा, ऑर्डर करू नका. गाडी मिडल स्टँडवर घ्या, सीटवर नेहमीसारखं बसा, डोळे मिटून हात सहज पुढे करा आणि मग डोळे उघडून बघा की ग्रिप हाताच्या खाली आहेत, लांब आहेत की दोन्ही. बऱ्याचदा हँडल पकडणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट ढिले करून हँडल थोडं मागे फिरवलं तरी काम होतं, फुकटात. नंतर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वेगळे ढिले करून परत सेट करायचे, बोटं लिव्हरवर ठेवली की मनगट सरळ राहिलं पाहिजे, आणि ब्रेक ऑइलची डबी तिरकी झालेली नको.

तरी कमी पडलं तर राइझर. पुढचं चाक धरणारा फोर्क तिरका असतो त्यामुळे 25 मिमीचा राइझर लावला की हँडल नुसतं वर जात नाही, साधारण सेंटिमीटरभर आपल्याकडे मागेही येतं, आणि मला तर उंचीपेक्षा त्या मागे येण्यानेच जास्त आराम वाटला. घेताना पाइपची जाडी बघा, आपल्याकडे बहुतेक गाड्यांना 22 मिमी असतो, काहींना 28 मिमीचा जाडा. क्लॅम्पखाली स्पेसर (जाड तुकडा) टाकायचा प्रकार असेल तर बोल्ट तेवढेच लांब हवेत, जुनेच बोल्ट वापरले तर आटे जेमतेम पकडतात आणि हँडलच्या बाबतीत ही रिस्क अजिबात घेऊ नये. क्लॅम्पच्या झाकणावर बाण किंवा ठिपका असेल तर तो पुढे ठेवायचा, अशा क्लॅम्पला बहुतेक वेळा पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळतात मग मागचे, फट मागेच राहते, ती बुजवायला जोर लावू नका. बोल्ट किती जोराने आवळायचे तो टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला.

आता केबल. हे गॅरेजवाल्याने केलं असलं तरी स्वतः बघाच. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे मग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि कान आयडलिंगवर ठेवा. आवाज जराही चढला तर अ‍ॅक्सिलेटर केबल ताणली जातेय, म्हणजे यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस होणार, ट्रॅफिकमध्ये हे जीवावर बेतू शकतं. क्लच लिव्हरचा फ्री प्ले (केबल ताणण्याआधीची मोकळी हालचाल) हँडलच्या दोन्ही टोकांना तेवढाच राहायला हवा. ब्रेकचा पाइप हाताने चाचपा, ताठ झाला असेल तर लांब पाइप घ्या आणि एअर नीट काढून घ्या. वायरिंग टीजवळ (हँडल आणि फोर्क जोडणारा भाग) चेपत नाही ना, हँडल टाकीला लागत नाही ना, हेही बघा. केबल वेगळ्या वाटेने फिरवून थोडी लांबी मिळते, नाहीच मिळाली तर कमी उंचीचा राइझर घ्या, ओढाताण करून बसवू नका.

खूप उंच हँडलही बरं नाही. ऐंशीच्या पुढे वारा सरळ छातीवर येतो, हात हँडलला लटकल्यासारखे होतात, खांदे दुखतात आणि सगळा भार माकडहाडावर जातो. कोपर थोडे वाकलेले आणि खांदे खाली, एवढं जमलं की थांबायचं.

क्लिप-ऑन असेल तर हे राइझर चालत नाहीत, त्याच गाडीसाठी बनवलेला किट शोधावा लागतो. आणि काहीही लावलं तरी पहिल्या लाँग राइडनंतर सगळे बोल्ट एकदा परत चेक करा, आरसेही नव्याने सेट करा.