स्लिंगनंतर बायपॉड

आज १००० यार्डांवर आधी स्लिंग (रायफल दंडाला जखडणारा पट्टा) बांधून नेमबाजी केली, मग त्याच लेनवर बायपॉड (रायफलच्या पुढच्या भागाखालचा दोन पायांचा आधार) आणि मागे वाळूची पिशवी घेऊन. लागोपाठ केलं की फरक अंगालाच कळतो.

स्लिंग दंडावर घट्ट बसली की नाडीचा ठोका थेट पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीच्या टोकाशी असलेल्या नेमखुणेच्या, कड्यात दिसतो. तो थांबवता येत नाही, पट्टा वर-खाली सरकवून कमी मात्र होतो. रायफलचं वजन हाडांनी पेलायचं. स्नायू मध्ये आले की थकवा नेमात उतरतो. म्हणून डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि डोळे उघडून बघायचं. नेम बाजूला गेलेला दिसला तर हातांनी ओढून आणायचा नाही, पुढचं कोपर जागेवर ठेवून बाकीचं शरीर सरकवायचं. मला हा भाग अतिशय आवडतो.

बायपॉडवर नाडी गायब होते आणि सगळा प्रश्न येतो झटक्याचा. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल मागे सरकू लागलेली असते. ती कशी सरकेल हे बायपॉडच्या पायांखालची जमीन, खांद्याचा रेटा आणि गालाचं वजन ठरवतं. कडक पृष्ठभागावर पाय उसळतात. एका गोळीला खांदा पुढे रेटला आणि दुसरीला सैल सोडला, की लक्ष्यावर छिद्रं उभी पसरतात. स्थिर आधारामुळे नेमबाजी सोपी होते असं म्हणणाऱ्यांनी हा खांदा दरवेळी तसाच ठेवून बघावा.

शिवाय एफ-क्लासचं, म्हणजे बायपॉडसारख्या आधारावरून खेळायच्या स्पर्धाप्रकाराचं, लक्ष्यही कडक असतं. अमेरिकेच्या नियमांत १००० यार्डांवर स्लिंगवाल्यांचं दहा गुणांचं वर्तुळ २० इंचांचं, एफ-क्लासचं १० इंचांचं. .३०८ कॅलिबरच्या गोळीला ताशी १ मैलाचा आडवा वारा तेवढ्या अंतरात साधारण १० इंच ढकलतो. म्हणजे हा वारा लक्षात न घेता मधोमध धरलेला नेम स्लिंगच्या लक्ष्यावर कसाबसा दहाच्या कडेला टिकेल. एफ-क्लासवर तो सरळ बाहेर.

त्यामुळे वारा वाचायला शिकायचं तर बायपॉडच बरा, असं माझं ठाम मत झालंय. स्लिंगवर गोळी डावीकडे गेली की शंका उरते: वारा, की माझं कोपर? बायपॉडवर ती शंका खूप कमी होते. पुढच्या वेळी प्रत्येक गोळीआधी वाऱ्याचा अंदाज वहीत लिहायचा, आणि मगच ट्रिगरला बोट लावायचं.