वहिनींच्या पैशाला हात नाही

रविवार, रात्री

पुतण्या ऐरोलीहून आला होता. वहिनींची मुदत ठेव या आठवड्यात पिकतेय, त्यातले पाच लाख क्रिप्टोत टाकायचा त्याचा बेत. दादाच्या फंडाचे पैसे ते. "काका, बँकेत ठेवून मिळतं काय?"

भाव चढेल की पडेल या वादात मी शिरलोच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या घरात होता, वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला, पुढे पुन्हा चढला. पोराला थांबायला उभं आयुष्य आहे. वहिनींना गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. समज, एका कॉइनमध्ये लाखाचा फायदा झाला आणि दुसऱ्यात ऐंशी हजार गेले. हातात राहिले वीस हजार. पण २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. कर पूर्ण लाखावर: ३० टक्के, वर सेस, म्हणजे ३१,२००. एवढा खटाटोप करून पदरचे ११,२०० गेले! शिवाय विकताना एक टक्का टीडीएस कापतात तो वेगळा. तो निदान विवरणपत्रात वळता होतो. शेअरच्या सवयीने पोरगा कॉइनमधला तोटाही वजा होईल असं धरून बसला होता. बिल उलटसुलट करून बघत राहिला.

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. कॉइनची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्सचेंजचं तसं नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. ज्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं त्यांचेही.

मग त्याने मोबाइल पुढे केला. टेलिग्रामवरचा ग्रुप, "रोज दोन टक्के, खात्रीशीर". तिथे मात्र माझा आवाज चढला. २०१७ च्या एप्रिलमध्ये याच नवी मुंबईत वनकॉइन नावाच्या बनावट कॉइनच्या मेळाव्यावर पोलिसांनी धाड घालून माणसं उचलली होती. त्या कॉइनमागे खरी ब्लॉकचेनच, म्हणजे व्यवहार नोंदणारी सामायिक डिजिटल वहीच, नव्हती. तो काढणारी बाई, रुजा इग्नातोव्हा, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गायब. "आपल्या नवी मुंबईत?" पोरगं थक्क.

म्हटलं, आत्ता माझ्यासमोर दोन हजार काढून दाखव. त्याने बटण दाबलं. पाटी आली: आधी १५ टक्के 'कर' भरा, मग रक्कम मोकळी होईल. सरकारचा कर कुणी अनोळखी माणसाच्या यूपीआयवर भरतं का? स्वतःचे थोडे त्याने आधीच टाकले होते. आणखी एक पैसा भरायचा नाही असं बजावून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला लावला, चॅटचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट काढून घेतले. हे परत मिळतील की नाही देव जाणे, पण अशा वेळी उशीर करण्यात अर्थ नसतो.

स्वतःच्या बोनसमधून, गेले तरी जेवण गोड लागेल एवढेच, त्याने खुशाल घ्यावेत. माझी हरकत नाही.

रात्री वहिनींचा फोन. एकच विचारलं: "भाऊजी, व्याज वेळेवर येईल ना?" पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवू, तिथे दर तिमाहीला येतं, असं सांगितलं. मंगळवारी ऐरोलीच्या पोस्टात जायचं ठरलं. पॅन-आधारच्या झेरॉक्स पोरगा काढून आणणार आहे.