हिरोच दिग्दर्शक? लाड असतात का?

अमेरिकन मालिकांबद्दल लिहायला लागल्यापासून हा प्रश्न हमखास येतो. ‘टायटल्समध्ये दिग्दर्शक म्हणून अचानक हिरोचंच नाव दिसतं. हे काय, त्याचे लाड पुरवतात का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

थोडेफार लाड असतात, खोटं कशाला बोलू. मालिका चालली की नटाचं वजन वाढतं आणि एखादा एपिसोड पदरात पडतो. पण पुढचं निस्तरायचं त्यालाच. तिथे सहसा दिग्दर्शक भागागणिक बदलतात. एक भाग शूट होत असतो तेव्हा पुढच्या भागाचा दिग्दर्शक लोकेशन बघत, पाहुणे कलाकार निवडत, शॉट ठरवत फिरत असतो. नट मात्र त्याच दिवसांत मेकअप करून कॅमेऱ्यासमोर उभा. मग तयारी करणार कधी?

‘ब्रेकिंग बॅड’चे तिच्याच हिरोनं, ब्रायन क्रॅन्स्टननं, दिग्दर्शित केलेले तीन भाग काढून बघा. २००९ साली दुसऱ्या सीझनचा पहिला, २०१० साली तिसऱ्याचा पहिला, आणि २०१३ साली शेवटच्या आठ भागांतला पहिला. शूटिंगचा नारळ फुटायच्या आधी माणूस मोकळा असतो, म्हणून तयारी जमते.

नाहीतर मग असा भाग, ज्यात आपल्याला काम कमी. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मध्ये रायकर झालेला जोनाथन फ्रेक्स आधी एडिटिंगला बसून बसून शिकला, तेव्हा कुठे १९९० मध्ये त्याला ‘द ऑफस्प्रिंग’ मिळाला. डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, स्वतःच एक मुलगी घडवतो, त्याची गोष्ट. रायकर जवळपास गायबच. एका प्रसंगात तो बारमध्ये येतो, समोरची पोरगी कोण याचा त्याला पत्ता नाही, आणि ती काउंटरपलीकडून त्याला ओढून सरळ चुंबन घेते. तेवढ्यात बाप दारात! माझ्या मुलीबद्दल तुमचा इरादा काय, असं तो अगदी कोऱ्या चेहऱ्यानं विचारतो. वाट्याला आलेल्या एवढ्याशा कामात फ्रेक्सनं स्वतःचीच फजिती करून घेतली, हे मला फार आवडतं.

ही पळवाट रिया सीहॉर्नला नव्हती. ‘बेटर कॉल सॉल’चा २०२२ चा ‘हिट अँड रन’ तिनं दिग्दर्शित केला, आणि त्यात किम, म्हणजे तिचंच पात्र, भरपूर आहे. माइक नावाचं पात्र आणि ती हॉटेलात समोरासमोर बसून बोलतात तो प्रसंग बघा. नुसतं बोलणं, तरी हलावंसं वाटत नाही. अभिनय करायचा, कट म्हणायचं, उठून मॉनिटरवर स्वतःलाच परक्यासारखं तपासायचं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायचं. हे कुणी हौस म्हणून करेल असं मला वाटत नाही. आणि ‘मॅश’च्या अ‍ॅलन आल्डाला तर एकाच मालिकेसाठी अभिनय, लेखन, दिग्दर्शन अशा तिन्हींचे एमी, म्हणजे तिथले टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले. ते काही लाडानं मिळत नाहीत.

यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग आपल्याकडे का नाही? अहो, डेली सोपमध्ये एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, जेमतेम, मुख्य नटाचे सीन रोज, आणि आज शूट केलेले सीन पुढच्या दोन-तीन भागांत विखुरलेले. एक भाग एका दिग्दर्शकाचा, असं म्हणायची सोयच नाही. सचिन पिळगावकरांसारख्या नटानं ‘तू तू मैं मैं’ दिग्दर्शित केली, पण ती साप्ताहिक मालिकांच्या काळातली गोष्ट.