खुर्ची बसली

अकरा महिने झाले होते खुर्ची घेऊन. एक दिवस मीटिंग चालू असताना माझं तोंड कॅमेऱ्यातून हळूहळू खाली जायला लागलं. आधी वाटलं लॅपटॉपचं बिजागर ढिलं झालं. मग कळलं, खुर्चीच बसत चाललीय.

खुर्ची तशी झकास. मागे रेललं की पाठ जेवढी कलते त्याच्या साधारण निम्मी बैठक कलते, त्यामुळे शर्ट वर ओढला जात नाही. आणि पाठ जाळीचीच घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात फोमला टेकून आठ तास काम करून दाखवावं कुणीही.

तर वॉरंटी. बैठकीखाली खुर्ची वर-खाली करणारा जो सिलिंडर असतो, त्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, सील गेलं की तो वजन पेलत नाही. एवढी साधी गोष्ट, पण कस्टमर केअरला पुरावा हवा. खुर्ची खाली जाताना शेजारी मेजपट्टी धरून, मध्ये न कापलेला व्हिडिओ. काढला. मग बिल. मग सिलिंडरवरच्या स्टिकरचा फोटो. स्टिकर तिथे, जिथे मान घालायला खुर्ची उलटी करावी लागते. (नवी खुर्ची आली की पहिल्याच दिवशी हा फोटो काढून ठेवा.) मग मेसेज आला, 'ग्राहक घरी नसल्यामुळे तक्रार बंद.' मी घरीच! घरून काम करतो म्हणून तर खुर्ची घेतली. पुन्हा फोन. "सर, कोल्हापूर ना?" सोलापूर, ताई, सोलापूर. तीन वेळा तक्रार बंद, तीन वेळा चालू. शेवटी सांगितलं की आमचा माणूस सोलापुरात येत नाही, पार्ट पाठवतो, तुम्हीच बसवा.

तेवीस दिवसांनी खोकं आलं. सोबत ना पाना, ना कागद.

खुर्ची चादरीवर उलटी टाकली आणि बोल्ट शोधत बसलो. बोल्टच नाही. शेजारचे काका यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. ते आले, चष्मा वर केला, बोट फिरवलं. "अरे, टेपर आहे हा, टोकाला निमुळता. पाचर मारल्यासारखा बसलाय. तू जितका बसशील तितका घट्ट." पाच पायांचा बेस त्यांनी खालून, सिलिंडरच्या कडेवर हातोडीचे ठोके देऊन सोडवला. मधल्या पिनला हात लावू दिला नाही. वरची बाजू पाइप पान्याने पिळून निघाली. वीस मिनिटं. चहा घेतला, पैसे नाही. जुना सिलिंडर उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका, आत दाब असतो.

एक राहिलं. घेताना दुकानात पूर्ण मागे सरकून बसा. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. मी हे पाहिलं नव्हतं, नशिबाने बैठक पुढे-मागे सरकणारी निघाली.

आता खुर्ची जागची हलत नाही. तक्रार फक्त आईची. त्या तेवीस दिवसांत ती खाली बसलेली खुर्ची तिने शेंगा सोलायला घेतली होती. "पाय टेकत होते रे माझे," म्हणते.